शांतता क्षेत्रातला वारसा

नव्या शहरात राहायला आलेल्या माणसाला लोक देवळे दाखवतात, समुद्र दाखवतात, झालेच तर मिसळीचे दुकान दाखवतात. त्या शहराचे गाणे कुठे घडले, ते मात्र कोणी दाखवत नाही. मनोरहून मुलाकडे मुंबईला आलो आणि धोबी तलावाजवळच्या रंगभवनाची गोष्ट मला कळली ती नातवाकडून.

सेंट झेवियर्स कॉलेजशेजारचे हे खुले नाट्यगृह. १९७८ च्या जॅझ यात्रेत सॉनी रॉलिन्स हा मोठा सॅक्सोफोनवादक इथे वाजवून गेला. १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि तो अनेक वर्षे इथेच गाजला. ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडने, दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता, १९८८ मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांची तबकडी काढली. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. त्यातल्या गिटारवादकाचे नाव महेश तिनईकर. म्हणजे हे सगळे कुठल्या परक्या देशात नव्हे, आपल्याच पोरांनी केले.

पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू लागला. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. २००३ च्या सुमारास तिथले कार्यक्रम थांबले.

यावर चिडणारे तरुण मला भेटले. मला नियम योग्यच वाटतो. आजाऱ्याच्या झोपेपुढे कोणाचीही गिटार मोठी नाही. पण आवाज थांबवणे वेगळे आणि आठवण पुसणे वेगळे. पुढाऱ्यांच्या नावाचे फलक चौकाचौकात लागतात. ‘इथे अमुक साली अमुक वाजले’ एवढा एक फलक लावायला, जुनी ध्वनिमुद्रणे आणि तिकिटे सार्वजनिक ग्रंथालयात जपायला कोणता नियम आडवा येतो?

रॉक मला आजही फारसे भावत नाही. पण वारसा म्हणजे फक्त आपल्या आवडीचे तेवढेच, असे म्हटले तर निम्मा इतिहास टाकून द्यावा लागेल. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या तारप्याचेच पाहा. वाळलेला भोपळा आणि बांबू यांचे हे वाद्य. वाजवणारा जिकडे वळेल तिकडे नाचणाऱ्यांचा फेर वळतो. शहरी कानांना त्याचा सूर एकसुरी वाटला, म्हणून ते कमी ठरत नाही. जव्हार तालुक्यातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते.

इतका उशीर का व्हावा? रंगभवनात वाजवलेली पोरे आता साठीच्या आसपास असतील. त्यांना आत्ताच कोणी विचारले, लिहून घेतले, तर बरे. माणसे गेल्यावर उरते ती फक्त शांतता, आणि तिला कुठल्याही नियमाची गरज लागत नाही.