लांडगा आला रे, व्हर्जन २.०

घरच्या सिक्युरिटी कॅमेऱ्यांची ॲप्स बनवणाऱ्या मंडळींना एकदा हात जोडून सांगायचंय: बाबांनो, काहीतरी हलणं म्हणजे काहीतरी घडणं नव्हे!

सांगलीच्या घरी आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात. दारावर कॅमेरा लावून दिलाय. दिवसाला सत्तरएक अलर्ट येतात आणि प्रत्येकाचा मजकूर एकच, 'मोशन डिटेक्टेड'. पेपरवाला, शेजारचं मांजर, जास्वंदीची फांदी, रिक्षाचा हेडलाइट... सगळे एकाच मापाचे. रात्री तर किड्यांचं संमेलनच भरतं. कारण अगदी साधं आहे. बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांत मोशन म्हणजे आधीची फ्रेम आणि आताची फ्रेम यांच्या पिक्सेलची वजाबाकी. फरक मर्यादेबाहेर गेला की मार बोंब. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागतात, लेन्सला खेटून उडणारा किडा त्यात लख्ख उजळतो आणि चित्राचा मोठा भाग व्यापतो. सॉफ्टवेअरच्या लेखी तो किडा आणि चोर सारखेच.

मग माणूस काय करतो? म्यूट. झालं, कॅमेरा असून नसल्यासारखा.

हे नुसतं वैतागापुरतं नाही बरं का. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये याच दुखण्याबद्दल इशारा दिला होता. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटनांची नोंद झाली आणि त्यातल्या ८० मध्ये रुग्ण दगावला. सतत वाजणाऱ्या यंत्रांना कान सरावतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. तिथे तर प्रशिक्षित नर्स असतात हो, आपण कोण लागून गेलो!

यावर उपाय नाहीत असं नाही. फ्रिगेट नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आधी हालचाल शोधतं, मग तेवढ्याच भागात माणूस आहे की गाडी की कुत्रा ते ओळखतं. २०२४ च्या ०.१४ आवृत्तीपासून तर त्यांनी 'अलर्ट' आणि 'डिटेक्शन' असे दोन कप्पेच केले: लगेच बघायचं ते एकीकडे, सवडीने बघायचं ते दुसरीकडे. मला हा कल्पनेतला फरक सगळ्यात मोलाचा वाटतो, एआय-बिएआय नंतर. (आमचं ॲप उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसतं? क्लाउड प्लॅनची जाहिरात. असो.)

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. तिकडे वीज गेली, राउटर बंद पडला की कॅमेरा गप्प होतो. ॲपमध्ये एक करडा ठिपका, बास. म्हणजे सगळं आलबेल असतानाची शांतता आणि कॅमेरा मेल्याची शांतता दिसायला हुबेहूब सारखी! ऑफिसात आपण सर्व्हरकडून दर मिनिटाला 'जिवंत आहे' असा निरोप घेतो. तो चुकला की रात्री दोनला कुणाचा तरी फोन वाजतो. मग घरच्या कॅमेऱ्यानेच काय घोडं मारलंय?

आणि याच्याही पुढचं. आई रोज सहा-साडेसहाला दुधाची पिशवी घ्यायला दार उघडते. आठ वाजले तरी दार उघडलं नाही, तर ती माझ्यासाठी बातमी आहे. चोरापेक्षा मोठी. मी आजवर तीन ॲप्स वापरली, 'अमुक वेळेपर्यंत अमुक घडलं नाही तर कळव' ही सोय एकातही सापडली नाही. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने हा एक टायमर आणि एक 'इफ' आहे हो!

आईचं म्हणणं आणखी वेगळं. "तुझ्या त्या डोळ्यासमोर गाऊनवर दूध घ्यायला लाज वाटते रे." तिचंही बरोबरच आहे. मला तिचा व्हिडिओ नकोच आहे मुळी. दार उघडलं की एवढंच कळू दे, सहा वाजून बावीस मिनिटं, चित्र नाही. आणि आठनंतर काहीच आलं नाही, तर माझा फोन सायलेंटवर असला तरी वाजू दे.