वसंत ऋतूवर निबंध लिहायचाय? आधी किनाऱ्यावर जाऊन या



मार्च महिना आला की निबंधाच्या वहीत ‘वसंत ऋतू’ हा विषय ठरलेला. वसंत म्हणजे ऋतूंचा राजा, आंब्याला मोहोर येतो, कोकिळा कुहू कुहू गाते... इथपर्यंत सगळ्या वह्या सारख्याच! आता जरा विचार करा. आपल्या कोकणात मार्चपर्यंत मोहोर बहुतेक संपलेला असतो, झाडाला कैऱ्या लटकत असतात. आणि कुहू कुहू करते ती कोकिळा नव्हेच, तो काळा नर कोकीळ. मादी अंगावर ठिपके असलेली तपकिरी असते आणि तिचा आवाज अगदी वेगळा. म्हणजे आपण न बघताच लिहितो. चूक तुमची एकट्याची नाही, आम्हा शिक्षकांचीही आहे. आम्हीही फळ्यावर तेच लिहून देतो.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. समुद्राजवळ राहणाऱ्या प्रत्येक मुलाने फाल्गुन-चैत्रात निदान एक पहाट किनाऱ्यावर पक्षी बघत घालवावी आणि मगच वसंतावर लिहावं.

कधी जायचं, तेही सांगते. घरातल्या जुन्या माणसांना एक हिशेब ठाऊक असतो. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण ओहोटी. होळीची किंवा गुढीपाडव्याची सकाळ यासाठी उत्तम! उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप आत गेलेलं असतं. ओली वाळू आणि चिखल उघडा पडतो, आणि त्यातले किडे, खेकडे, शिंपले खायला पक्षी उतरतात. नंतर पाणी चढू लागलं की तेच पक्षी मागे सरकत आपल्या जवळ येतात. आपण फक्त एका जागी बसून राहायचं.

गेल्या वर्षी शिमग्याच्या सुट्टीत मी नववीची बारा मुलं घेऊन अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर गेले होते. किहीम मुद्दाम निवडलं. १९३० साली डॉ. सलीम अली याच गावात राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास करत होते. नर सुगरण अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम होतं, हे त्यांनी तासन्‌तास घरट्यांसमोर बसून टिपलं. मुलांना मी बसमध्ये हेच सांगत होते, की पक्षीनिरीक्षण म्हणजे आधी धीर धरणं.

उजाडता उजाडता आम्ही सुरूच्या झाडांतून खाली उतरलो. पाण्याच्या कडेला कुरवांचा मोठा थवा बसलेला. एका मुलीने विचारलं, “बाई, काहींचं डोकं पांढरं आणि काहींचं चॉकलेटी का? दोन जाती आहेत का?” प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला. जात एकच, तपकिरी डोक्याचा कुरव. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक काळसर ठिपका. विणीचा काळ जवळ आला की डोकं तपकिरी होतं. बाजूला तुरुतुरु धावणाऱ्या चिखल्यांच्या छातीवरही तांबूस रंग चढायला लागला होता. बघा, वसंत फक्त झाडावर येत नाही, तो पक्ष्याच्या पिसांवरही येतो! हे कुरव पुढच्या काही आठवड्यांत निघणार होते, लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तलावांकडे. आपल्याकडे पाहुणे येतात ते आपण बोलतो, पण ते जातात कधी हे कोणी बघतच नाही.

आणि इथेच माझी चूक झाली. सगळा थवा एकदम उडताना छान फोटो येईल म्हणून मीच दोन मुलांना म्हटलं, “जा रे, पळत जा.” ती पळाली, थवा उडाला, फोटो सुंदर आला. पाच मिनिटांनी पक्षी परत बसले, तर दुसरी मुलं पळाली. मग एक कुत्रा. मग किनाऱ्यावर फिरायला आलेली एक गाडी. असं चार वेळा झालं आणि पाचव्यांदा ते परतलेच नाहीत. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तीच म्हणाली, “बाई, त्यांनी काहीच खाल्लं नाही.” मला उत्तर देता आलं नाही.

मित्रांनो, प्रवासाला निघण्यापूर्वी हे पक्षी पोटभर खाऊन अंगात चरबी साठवतात. तीच त्यांची शिदोरी. ओहोटीचे ते दोन-चार तास म्हणजे त्यांची जेवणाची वेळ. त्यात आपण त्यांना पुन्हा पुन्हा उडवलं, तर साठवायचं ते खर्च होतं. होडीतून गाठ्या-शेव फेकणंही तसंच. ती माया नव्हे, ते तेलकट आणि खारट खाणं त्यांचं अन्नच नाही.

काही पालक म्हणतात, “परीक्षा तोंडावर आलीय, हे कशाला?” माझं म्हणणं, एका सकाळचे दोन तास. तेवढ्यात भरती-ओहोटीचा भूगोल, स्थलांतराचं विज्ञान आणि मराठीचा निबंध, तिन्ही होतात. दुर्बीण नसली तरी चालेल. एक वही, एक पेन्सिल, मळकट रंगाचे कपडे पुरेत. मोठ्या माणसाला मात्र बरोबर घ्या आणि खडकांवर चढू नका.

पक्षी सप्ताह आपण ५ ते १२ नोव्हेंबरला साजरा करतो, घोषणा देतो, चित्रं काढतो. ते हवंच. पण तेव्हा पाहुणे नुकते आलेले असतात. त्यांना निरोप द्यायलाही कोणीतरी हवं ना?

यंदा मी पुन्हा जाणार आहे. या वेळी नियम एकच : कोणी पळायचं नाही, मीसुद्धा नाही. तुम्हीही जा, लांब बसा, बघा. आणि मग निबंधात तेवढंच लिहा, जे तुम्ही स्वतः पाहिलं. पानभर नाही झालं तरी चालेल. मी पूर्ण गुण देईन.