लाइट गेली तेव्हा

मे २०१७ मध्ये जस्टिन बीबर नवी मुंबईत येऊन गेला. बरीचशी गाणी त्याने नुसते ओठ हलवून उरकली, अशी ओरड नंतर झाली. हसू नका मंडळी, पुण्यात मीही एकदा महागडं तिकीट काढून तीन तास स्क्रीनकडेच बघत बसलोय. घरी सीडी लावली असती तर पार्किंगचे पैसे तरी वाचले असते! जिथे गाणाऱ्याचं काही चुकूच शकत नाही, त्याला लाइव्ह कशाला म्हणायचं?

असो. आमच्या भोकरला सप्ताहात ऐन कीर्तनात लाइट गेली. (भोकरात ही काही बातमी नाही.) माइक बंद. महाराज थांबले नाहीत. टाळकरी पुढे सरकले, बायकांनी पोरांना गप्प केलं. पखवाजाचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लाइट आल्यावर माइकवाला उठला, तर दोघा-तिघांनी खुणेनेच सांगितलं, राहू दे.