आगटी आणि कॅम्पफायर

शेकोटी पेटवायला अक्कल लागत नाही, असं माझं बरीच वर्षं मत होतं. काड्या, कागद, काडेपेटी. झालं! विझवायला मात्र लागते, हे मला ३१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे जळकोटजवळ मामाच्या शेतात कळलं. तेही मामाच्या खर्चाने.

आदल्या दिवशी, सोमवारी, येळवस होती. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. आमच्या लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, गावं ओस पडतात आणि सगळी माणसं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुन्याने रंगवलेले पांडव, भज्जी, आंबील, उंडे. संध्याकाळी गोवऱ्यांवर दूध उतू घालतात आणि पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फिरतात. म्हणजे चहूकडे वाळलेला कडबा आणि त्याच्यामधून हातात जाळ घेतलेली माणसं! तरी लोक पिढ्यानपिढ्या हे करत आलेत. कारण तो जाळ जेवढा लागतो तेवढाच असतो, आणि तो कुणाच्या तरी हातात असतो.

आमचा नव्हता.

ऑफिसातले चार मित्र सोबत आणले होते. रात्री थंडी पडली आणि एकाने ठरलेला प्रश्न विचारला, "कॅम्पफायर नाही करायचा?" मामाने एक वीतभर खड्डा दाखवला. हुरड्याची आगटी करतात ना, तसला. गोवऱ्या काढून दिल्या. पण गोवऱ्यांचा जाळ दिसत नाही हो, नुसता निखारा होतो. फोटोत काय येणार? मग आम्ही बाभळीचे ओंडके रचले आणि एकाने गाडीसाठी कॅनमध्ये आणलेलं पेट्रोल काढलं.

इथे जरा थांबतो, कारण हे बऱ्याच शिकलेल्या लोकांना माहीत नसतं. डिझेलची वाफ पेटण्याइतकी व्हायला साधारण ५० अंशांच्या वर तापमान लागतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. तुम्हाला वाटतं आपण लाकडं पेटवतोय, पण पेटतं ते तुमच्या पायाभोवतीचं. आमच्यातल्या एकाच्या भुवया गेल्या, तेवढ्यावर निभावलं.

मामा म्हणाला, "एवढा मोठा जाळ कोणाला दाखवायलाव रे?" मी म्हणालो, "मामा, काळजी करू नका, आम्ही आहोत ना." प्रॉडक्शनवर थेट बदल करणारा प्रत्येक जण हेच वाक्य म्हणतो.

रात्री एक वाजता झोप आली. बादलीभर पाणी ओतलं, चर्र झालं, भरपूर वाफ आली. वरून फावड्याने माती ओढली. किती जबाबदार आम्ही!

आता माझी आजी रात्री चुलीत काय करायची ते सांगतो. निखारा राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला सारून फुंकर मारली की चूल तयार, काडी वाचली. म्हणजे राखेखाली आग मरत नाही, ती सांभाळली जाते. राख उष्णता धरून ठेवते आणि फटीतून थोडी हवा निखाऱ्याला पुरते. आजीने जे मुद्दाम केलं ते आम्ही विझवण्याच्या नावाखाली केलं. ओंडक्याच्या पोटातली आग बादलीभर पाण्याला काय दाद देणार?

पहाटे वारा सुटला. ऊब शोधत कुत्र्याने तिथली माती उकरली असावी, असं मामाचं म्हणणं. गंजी तिथून जेमतेम पंधरा पावलांवर, वाऱ्याच्या तोंडी. मामा धार काढायला उठला तेव्हा बुडाशी धूर होता. लाईट नव्हती, म्हणजे मोटार नाही. बाजूच्या शेतातली माणसं धावून आली, ओल्या पोत्यांनी बडवलं, दाताळ्याने पेटलेल्या पेंढ्या ओढून वेगळ्या केल्या. दोनेकशे पेंढ्या गेल्या. नवा कडबा यायला अजून दोन महिने होते. मी फोन काढून पैसे पाठवायला लागलो तर मामा एवढंच म्हणाला, "जनावरं पैशे खात नसतेत." त्यानंतर दिवसभर त्याने आम्हाला व्यवस्थित जेवू घातलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून वीकेंडला कुठल्याशा तलावाकाठी तंबूत गेलो की पॅकेजमधली 'कॅम्पफायर इन्क्लुडेड' ही ओळ मला खटकते. आग विकत घेतली की ती कुणाचीच राहत नाही. पेटवणारा पोरगा दुसऱ्या ग्रुपकडे जातो, नाचणारे झोपायला जातात, आणि उरलेला निखारा गवताच्या आणि त्या गावाच्या नशिबावर. राखीव जंगलात आग पेटवायला तर १९२७ च्या वन कायद्यानेच मनाई आहे, तरी किल्ल्यांच्या वाटेवर काळे दगड दिसतातच. बरं, थंडी वाजते म्हणून निखाऱ्याचं घमेलं तंबूत नेणारेही पाहिलेत. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. खोकलाही येत नाही, माणूस फक्त झोपून राहतो.

मी शेकोटीच्या विरोधात नाही. पण ती आगटीएवढी असावी. खड्ड्यात, मोकळ्या मातीवर, भोवतालचं गवत आणि धसकटं काढून, गंजीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. दगड लावायचे तर ओढ्यातले ओले नकोत, आतलं पाणी तापून फुटतात. पेटवायच्या आधी पाणी भरून ठेवायचं, आणि विझवणारा कोण ते पेटवायच्या आधी ठरवायचं. अमेरिकेत वनखातं सांगतं की पाणी घाला, ढवळा, पुन्हा पाणी घाला, हाताने चाचपा. हाताला गरम लागत असेल तर सोडून जाऊ नका. मामाने ते वाचलेलं नाही.

नंतरच्या येळवशीला मी एकटाच गेलो. खड्डा मीच खणला, गोवऱ्या मीच लावल्या. साडेदहाला तीन बादल्या ओतून काठीने चिखल होईपर्यंत ढवळलं. मामा आला, बाही वर सरकवली, कोपरापर्यंत हात त्या राखेत घातला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"आणखी एक आण," म्हणाला.