यंत्र आलें, विद्या केव्हां येणार?

आमच्या दारव्हा गांवांतील वडीलधाऱ्या मंडळींपैकीं कोणासहि विचारावें, म्हणजे ते मोतीबाग स्टेशनाच्या व तेथून धांवणाऱ्या लहान आगगाडीच्या गोष्टी सांगूं लागतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठीं घातला गेला. पुढें लोकांनीं त्या गाडीस ‘शकुंतला’ हें नांव दिलें. मँचेस्टर येथें 1921 सालीं तयार झालेलें वाफेचें इंजिन या मार्गावर 1923 पासून 1994 पर्यंत चाललें. त्यानंतर डिझेल इंजिन आलें, आणि आतां कांहीं वर्षांपासून गाडीहि बंद आहे. म्हणजे सत्तर वर्षें एक उत्तम यंत्र आमच्या दारावरून जात होतें. त्या सत्तर वर्षांत त्या यंत्राची विद्या गांवांतील किती मुलांच्या डोक्यांत उतरली? आम्ही गाडींत बसलों, गाडी चुकली म्हणून हळहळलों, गाडी बंद झाली म्हणून अर्ज केले. परंतु वाफ दट्ट्यास कशी ढकलते हें शाळेंतील कोणी त्या इंजिनापाशीं नेऊन आम्हांस दाखविलें नाहीं.

ही जुनी गोष्ट उगाळण्याचें कारण असें कीं, तोच प्रसंग आज दुसऱ्या रूपानें आम्हांपुढें उभा आहे. संगणक ही आतां नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. तालुक्याच्या गांवींहि शाळाशाळांतून संगणकाची खोली असते, आणि ज्याच्या घरीं दोन एकर कोरडवाहू जमीन आहे अशा कास्तकाराच्या मुलाच्या हातींहि मोबाईल असतो. तथापि त्या खोलींत काय शिकविलें जातें हें पाहावें. यंत्र चालूं कसें करावें, पत्र कसें टंकावें, चित्रास रंग कसा द्यावा, येथें बहुधा अभ्यास संपतो. हें ज्ञान निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तें प्रवाशाचें ज्ञान आहे. तिकीट काढून डब्यांत बसणाऱ्यास इंजिनाची विद्या आली असें कोणी म्हणत नाहीं. माध्यमिक शाळेंतील संगणकाचे व अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम असे असावेत कीं त्यांतून गेलेला मुलगा महाविद्यालयांत केवळ शिरूं नये, तेथें टिकावा. आणि त्याकरितां हाताचें काम व त्यामागील गणित हीं दोन्हीं एकाच वर्गांत शिकविलीं जावींत. एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

आमच्या माहितींतील दोन विद्यार्थ्यांची हकीकत येथें देतों; नांवांचें प्रयोजन नाहीं. पहिला बारावीपर्यंत नेहमीं वरच्या क्रमांकांत असे. घरच्यांनीं कापसाचा पैसा त्याच्या शुल्कांत घातला, व मुलगा मोठ्या शहरीं अभियांत्रिकी महाविद्यालयांत दाखल झाला. तेथें पहिल्याच आठवड्यांत त्याच्या हातीं कानस देऊन लोखंडाचा तुकडा काटकोनांत घासावयास सांगितलें. त्यानें कानस पूर्वीं कधीं धरली नव्हती. आराखड्याच्या तासाला ठोकळा समोर ठेवून, तो वरून व बाजूनें कसा दिसेल तें काढा, असें सांगितल्यावर तो कोऱ्या कागदाकडे पाहत बसला. दिवाळीच्या सुटींत भेटावयास आला तेव्हां म्हणाला, “सर, सूत्रें मला सगळीं येत होतीं, तीं कशाचीं आहेत हें ठाऊक नव्हतें.” दुसरा विद्यार्थी लोहाराच्या घरचा. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घेऊन तो नियमाप्रमाणें अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास बसला. त्याचा हात असा कीं शिक्षकांनींहि थांबून पाहावें. परंतु कलनगणितानें त्याला अडविलें. दोन वेळां तोच विषय राहिला, आणि तो घरीं परत आला. आज तो मोटारी दुरुस्त करितो व उत्तम करितो. पण त्याच्या बापाच्या मनांतील गोष्ट मनांतच राहिली. पहिल्याचा हात उपाशी राहिला होता, दुसऱ्याचें गणित. दोघेहि आमच्याच हाताखालून गेलेले. तेव्हां हा दोष आम्हां शिक्षकांनीं आपल्या पदरीं घेतला पाहिजे.

आमच्या राज्यांत या कामाची सोय मुळींच नाहीं, असें मात्र नव्हे. विज्ञान शाखेंत अकरावी-बारावीला एक भाषा व आणखी एक विषय यांच्या जागीं 200 गुणांचा द्विलक्ष्यी विषय घेण्याची सोय झाली. त्यांत संगणकशास्त्र आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, विद्युत् साधनांची देखभालहि आहे. संगणकशास्त्रांत 1976 सालीं निघालेला 8085 हा सूक्ष्मप्रक्रियक अनेक वर्षें शिकविला गेला. तो जुना म्हणून कित्येक त्यास हंसतात. आम्हांस तें हंसणें पटत नाहीं. लहान यंत्राचीं हाडें मोजतां येतात, मोठ्या यंत्राचीं दिसतहि नाहींत. दुःख आहे तें निराळेंच. पुष्कळ मुलें हा विषय विद्येसाठीं घेत नाहींत, गुणांसाठीं घेतात. प्रात्यक्षिकाची वही एकानें लिहावी, दहांनीं उतरून घ्यावी, आणि गुण सढळ हातानें पडावेत, हा प्रकार आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे, आणि पाहून गप्प बसलों आहों.

याचें मूळ प्रवेशाच्या रीतींत आहे. अभियांत्रिकीसाठीं राज्याची जी सामाईक प्रवेश परीक्षा होते तिच्या 200 गुणांपैकीं गणितास 100, भौतिकशास्त्रास 50 व रसायनशास्त्रास 50 गुण. आणि सर्व प्रश्न दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याचे. हातानें कांहीं करावयास लावणारा प्रश्न त्यांत नाहीं, आणि लाखो मुलांच्या परीक्षेंत तो घालणें सोपेंहि नाहीं. म्हणून पालक प्रथम विचारतात, “सर, याचे मार्क प्रवेशाला धरतात काय?” धरीत नाहींत असें कळलें कीं कार्यशाळेस कुलूप लागतें. आम्ही पालकांस दोष देत नाहीं. ज्याचा पैसा पणास लागला आहे तो असाच हिशेब करणार. परंतु त्या हिशेबांत प्रवेशानंतरचीं चार वर्षें धरलेलीं नसतात.

दुसरा एक समज याहूनहि जुना आहे; तो असा कीं, हाताचें शिक्षण हें बुद्धीनें मागें असलेल्या मुलांसाठीं. या समजास आमच्या मिशनांच्या शाळांनींहि नकळत हातभार लावला असावा. अमेरिकन मराठी मिशननें त्या काळच्या अहमदनगरास सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नांवाची औद्योगिक शाळा चालविली. त्याच नगरांत चर्चिल नांवाच्या मिशनरी अभियंत्यानें विणकरांसाठीं सुधारलेला हातमाग तयार केला. तें कार्य थोर होतें. परंतु अशा शाळांचा मुख्य हेतु हातांस काम मिळावें हा होता. तेथून महाविद्यालयाकडे जाणारी वाट बांधण्याचा नव्हता. आज ती वाट बांधावयाची आहे.

हात आणि बुद्धि एकत्र आल्यास काय होतें याचें उदाहरण शोधावयास आम्हांस दूर जावयास नको. आमच्या शकुंतलेच्या दुसऱ्या टोकास मूर्तिजापूर. त्या तालुक्यांतील मुरंबा या खेड्यांत 1946 सालीं डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. ते नागपुरास अभियांत्रिकी शिकले. पुढें अमेरिकेनें भारतास महासंगणक देण्याचें नाकारलें, तेव्हां 1988 सालीं पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, आणि त्यांच्या नेतृत्वाखालीं 1991 सालीं ‘परम 8000’ हा महासंगणक सिद्ध झाला. एक प्रचंड यंत्र विकत मिळेना, म्हणून अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून सर्वांकडून एकच काम वांटून करून घ्यावयाचें, ही त्यामागील युक्ति. जो केवळ यंत्र वापरावयास शिकला त्यास ही युक्ति सुचणें शक्य नव्हतें. यंत्र आंतून पाहिलेल्या मंडळींनाच ती सुचली.

कोणी म्हणेल, तालुक्याच्या शाळेंत एवढें साहित्य कोठून आणावें? आमचें उत्तर असें कीं, आरंभास लागणारें साहित्य गांवांतच पडून आहे. शेतांतील पाण्याची मोटार घ्या. विजेचा दाब कमी झाला कीं ती जळते हें प्रत्येक कास्तकारास ठाऊक आहे. पण ती कां जळावी? दाब कमी तर तापहि कमी, असें मुलांस वाटतें. खरी गोष्ट अशी कीं, पाणी उपसण्याचें ओझें जवळजवळ तेंच राहतें. तेवढेंच काम कमी दाबावर करावयाचें म्हणून मोटार अधिक प्रवाह ओढते, आणि तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट! ज्यूलचा नियम दहावीच्या पुस्तकांत आहे, आणि जळालेली मोटार बाजारांतील रिवायंडिंगच्या दुकानांत आहे. या दोघांची गांठ घालून देणारा तास तेवढा आमच्या वेळापत्रकांत नाहीं.

संगणकाचेंहि तसेंच. मुलांस विचारावें कीं, या यंत्रास केवळ शून्य व एक एवढेंच कळतें, तर आपलें ‘अ’ त्यास कसें कळतें? जगांतील लिप्यांसाठीं ठरलेल्या युनिकोड नांवाच्या संकेतांत ‘अ’ या अक्षरास 2309 हा क्रमांक दिलेला आहे. आठ शून्य-एकांच्या एका घरांत 0 पासून 255 पर्यंतच्याच संख्या मावतात. मग 2309 कोठें ठेवावयाचे? मुलानें 256 नें भागून पाहावें. भागाकार 9, बाकी 5. म्हणजे दोन घरें घेऊन एकांत 9 व दुसऱ्यांत 5 ठेवले कीं आपलें ‘अ’ तेथें राहिलें. हा पाठ शिकविण्यास महाग यंत्र लागत नाहीं. खडू व फळा पुरे. ज्यानें हा भागाकार स्वतः केला त्याला संगणकाची भीति पुन्हां वाटत नाहीं.

सरकारी साह्य मिळालें तर तें अवश्य घ्यावें. 2016 सालीं सुरू झालेल्या अटल नवोन्मेष योजनेखालीं निवडलेल्या शाळांस प्रयोगशाळेसाठीं 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरविण्यांत आलें, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहाव्या इयत्तेपासून हस्तव्यवसायाची ओळख व संगणकास आज्ञा लिहिण्याचें शिक्षण सुचविलें आहे. परंतु पैशानें खोली भरते. खोलीचें कुलूप शिक्षकानेंच काढावें लागतें. यंत्र बिघडेल आणि जबाबदारी आपणांवर येईल, या भीतीनें कित्येक शिक्षक वस्तूंस मुलांचा हात लागूं देत नाहींत. आमचें स्पष्ट मत आहे कीं, शिकतांना मुलाच्या हातून वस्तु मोडली तर ती शाळेच्या खर्चांत आनंदानें लिहावी.

मुलींविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळीं गट पाडले कीं पकड मुलाच्या हातीं जाते व वही मुलीच्या. तिचें अक्षर चांगलें, असें कारण सांगितलें जातें. हें कारण देणाऱ्यांत आम्हीहि होतों. आतां आम्ही पाळी लावितों, आणि आमचा अनुभव असा कीं, जोडणींतील चूक शोधण्यांत मुली अधिक धीर धरितात.

भाषेचीहि अडचण खरी आहे. 2021 पासून अभियांत्रिकी मराठींतून शिकविण्यास परवानगी मिळाली, ही समाधानाची गोष्ट. तरी बहुतेक ठिकाणीं पुस्तकें इंग्रजीच आहेत. म्हणून आठवीपासूनच प्रत्येक संज्ञा दोन्हीं भाषांत द्यावी, आणि समजूत मात्र मुलाच्या बोलींत पटवावी. शब्द मागाहून पाठ होतो. समजूत उशिरां आली तर फार महाग पडते.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रुंद लोहमार्ग आमच्या दारव्ह्यावरून नेण्याचें काम चाललें आहे. एके दिवशीं येथें पुन्हां गाडी उभी राहील. ती पूर्वीच्या गाडीपेक्षां वेगवान् असेल, आणि तिचे सिग्नल संगणक हलवील. त्या दिवशीं गांव पुन्हां हार घेऊन फलाटावर जाईल, आणि जावेंहि. आमची इच्छा एवढीच कीं, त्या गर्दींत आमच्या शाळेंतील दहा-वीस मुलेंमुली अशीं असावींत कीं जीं हार घातल्यावर इंजिनाकडे वळतील, आणि हें कसें चालतें असें एकमेकांस विचारून त्याचें उत्तरहि आपसांत देऊं लागतील. पालकांनीं पुढच्या जूनमध्यें मुलांस शाळेंत घालितांना आमची कार्यशाळा उघडून पाहावी, व ती बंद आढळल्यास आम्हांस जाब विचारावा. तो विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे.