न्यूयॉर्क किती तास?

आमच्या नेरूळच्या बागेत संध्याकाळी बाकावर जमणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न आहे. कुणी मुलाकडे, लेकीकडे अमेरिकेला निघालं की विचारायचं, ‘किती तास?’ उत्तरही ठरलेलं : ‘थेट असेल तर पंधरा-सोळा.’ मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. नातवाच्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहा. तो अरबस्तानाकडे न जाता उत्तरेला चढतो आणि चक्क आइसलंडवरून जातो! सपाट नकाशाने आपल्याला किती फसवलंय, हे तेव्हा कळतं.

वेळेचा आकडाही तसाच फसवा. तो विमानाचा आहे, माणसाचा नाही. घरातून निघून खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर करत सहारला पोचायला दीड-दोन तास, तिथे तीन तास आधी हजेरी, उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग लेकीच्या घरापर्यंत मोटारीचा तासभर. चोवीस तास सहज होतात. घड्याळ आणखी गंमत करतं. हिवाळ्यात रात्री दोनला निघून सोळा तास उडालेलं विमान तिथे त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरतं. जावई म्हणतो, ‘आताशी सकाळ झालीय.’ रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांना हे कोण सांगणार? त्यांचं वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

आनंदीबाई जोशी १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. १९६० साली एअर इंडियाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं, तेही लंडनला थांबून. त्यापुढे आमची तक्रार म्हणजे लाडच, असं कुणी म्हणेल. पण आनंदीबाई तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. मी बहात्तरचा आहे.

गेल्या खेपेला तिकीट स्वस्त पडतं म्हणून आम्ही आखाती शहरात विमान बदललं. मध्ये सात तास. सौ. लोखंडी खुर्चीवर बसून राहिली. पोचली तेव्हा पाय इतके सुजले होते की चपला हातात घ्याव्या लागल्या. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवता येते, हे ठाऊक होतं. पण तिला ती मागायची लाज वाटली.

माझं म्हणणं एवढंच, की सत्तरीपुढच्या माणसाला थेट विमानाने न्यावं, नाहीतर वाटेत एक रात्र मुक्काम द्यावा. मुलं पैशाकडे पाहतात असा सूर बागेत नेहमी लागतो. तो मला पटत नाही. ‘कशाला एवढा खर्च, आम्हाला काही होत नाही’ हे आपणच फोनवर सांगतो आणि मग बाकावर बसून गुडघे चोळतो.

२५ डिसेंबर २०२५पासून उलव्याच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. तिथून निघता आलं तर खाडीपूल वाचेल. आइसलंड वाचणार नाही.

परवा लेकीचा फोन आला. या वेळी मी धीर करून म्हणालो, ‘थेट मिळालं तर थेटच काढ. आणि आईसाठी व्हीलचेअर.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, ‘बाबा, गेल्या वेळीच का नाही सांगितलंत?’