कोडमधला ठेका मृदंगवाल्याने तपासावा

1980च्या दशकाच्या सुरुवातीला लखनौमध्ये एक वेगळा प्रयोग झाला. जेम्स किपेन हे अभ्यासक उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. ‘कायदा’ या तबल्यातल्या रचनेचे पलटे, म्हणजे तिची नवी रूपे, उस्ताद बसल्या जागी रचतात ते कोणत्या नियमाने, हे किपेन यांना उलगडायचे होते. त्यासाठी बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याने ‘बोल प्रोसेसर’ हा प्रोग्राम लिहिला. नियम संगणकात भरायचे, संगणकाने नवे पलटे काढायचे आणि ते चालतील की नाही हे उस्तादांनी सांगायचे. त्यांनी नकारार्थी मान हलवली की नियम दुरुस्त व्हायचा. प्रोग्राम अभियंत्याचा होता, निकाल तबलजीच्या कानाचा.

हेच बेल पुढे मराठी मुलखात आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनासाठी त्यांनी डेटाबेस तयार केला, 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले. एक लाखावर ओव्यांच्या या ठेव्यातल्या अनेक ओव्या आता ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. दळणाऱ्या बाईचा आवाज आणि संगणक यांची गाठ मराठीत केव्हाच पडली आहे.

मग ती गाठ पांढुर्णा आणि सौंसरमध्ये का पडू नये?

1956च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा जिल्हा झाला. बाहेरच्यांना तो संत्र्यांमुळे ठाऊक असतो, नाहीतर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या दगडफेकीच्या गोटमारीमुळे. इथले भजन, खंजिरी, पोळ्यात म्हटल्या जाणाऱ्या झडत्या यांची दखल फारशी कोणी घेत नाही. अनेक घरांत मराठी, कचेरीत हिंदी आणि कीबोर्डवर इंग्रजी, अशा तीन पायऱ्या इथल्या मुलांना चढाव्या लागतात. कोडमधून आवाज घडवण्याची सामुदायिक कार्यशाळा जिथे खरोखर उपयोगी पडेल, अशी ही जागा आहे.

साधन फुकट आहे. केंब्रिजमध्ये सॅम एरन यांनी शाळकरी मुलांसाठी ‘सॉनिक पाय’ तयार केले. ते रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकासाठी लिहिले गेले, पण विंडोजवरही चालते. ‘प्ले 60’ लिहिले की मधल्या सप्तकातला एक सूर वाजतो. ‘स्लीप 1’ लिहिले की प्रोग्राम एक मात्रा थांबतो. ‘लाइव्ह लूप’मध्ये घातलेले आवर्तन फिरत राहते, आणि ते वाजत असतानाच त्यातली ओळ बदलता येते. एवढ्या तीन शब्दांवर पहिला तास सहज निघतो.

या सॉफ्टवेअरमध्ये तबल्याचे बोलही आधीपासून आहेत. ‘ना’ आहे, ‘घे’ आहे, ‘के’ आहे. तबल्यावर ‘धा’ म्हणजे उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्या हाताचा ‘घे’ एकाच क्षणी. कोडमध्ये तेच करायचे: दोन ओळी एकाखाली एक लिहायच्या आणि मध्ये ‘स्लीप’ घालायचा नाही. आठ मात्रांचा केरवा असा बांधताना सूचना क्रमाने चालतात म्हणजे काय, आवर्तन म्हणजे काय, चुकलेली मात्रा कशी शोधायची, हे सगळे आपोआप समोर येते. भजनी मंडळातला मृदंग वाजवणारा माणूस ही चूक पहिल्याच फेरीत पकडेल. संगणक शिकलेल्या मुलाला ती कदाचित दहाव्या फेरीतही सापडणार नाही.

म्हणूनच त्या मृदंगवाल्याला उद्घाटनाचा हार घालून घरी पाठवू नये. लखनौत उस्ताद बसले त्या जागी त्याला बसवावे. आपल्याकडच्या संगणक प्रशिक्षणात प्रौढ, अशिक्षित, अंध माणसे कायम खालच्या बाकावर असतात. आवाजाच्या वर्गात ती उतरंड मोडता येते, आणि अशा वर्गाचे सर्वांत मोठे मोल तेच आहे.

कोड हा शेवटी मजकूर असतो, तो वाचून दाखवता येतो. एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्राम, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये सुरू केला. संगीत चालू असताना पडदावाचकाचा आवाज त्यात मिसळतो, त्यामुळे अंध मुलाला एका कानाचा हेडफोन द्यावा लागेल. एखाद्या खिडकीत पडदावाचक अडखळला तर कोड साध्या नोटपॅडमध्ये लिहावा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही वगळू नये. स्पीकरवर ठेवलेल्या तळहाताला ठेका कळतो, सॉनिक पायच्या पडद्यावर आवाजाची लहर हलताना दिसते.

लॅपटॉप नसतील तर? ‘स्ट्रूडल’ हे दुसरे साधन ब्राउझरमध्येच चालते. मोबाइलवर लिहिणे त्रासाचे आहे आणि त्याला नेटवर्क लागते, तरी तोंडओळखीपुरते चालेल. पण खरा वर्ग चार-पाच जुने लॅपटॉप आणि एक बरा स्पीकर यांवरच घ्यावा. एका लॅपटॉपवर तिघे: एकाने लिहावे, एकाने ऐकावे, एकाने हाताने मात्रा धराव्यात, मग जागा बदलाव्यात.

मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेला आवाजही सॉनिक पायमध्ये घालता येतो. बैलाच्या घुंगरमाळा, नागपूर–इटारसी मार्गावरून धडधडत जाणारी मालगाडी, आजीची ओवी, सगळे चालेल. आजीचा आवाज वापरताना मात्र तिची परवानगी घ्यावी आणि वादकांच्या यादीत तिचे नाव लिहावे.

वेळेचाही विचार हवा. संत्रातोडणीला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया सकाळी अकराच्या वर्गाला येणार नाहीत. वर्ग संध्याकाळी ठेवा, खोली तळमजल्यावर घ्या, शिकवणे मराठीत करा, हिंदी आणि गोंडी बोलणाऱ्यांसाठी सोबत एक जाणकार बसवा. पांढुर्णा आणि सौंसरच्या नगरपालिकांनी, महाविद्यालयांनी आणि भजनी मंडळांनी मिळून येत्या दिवाळीच्या सुटीत असा एक आठवडा घ्यावा, आणि पहिले आमंत्रण गावातल्या मृदंगवाल्याला द्यावे.